दुसरा रिमोट : व्हिडिओ गेमच्या आठवणी कोण सांगतो?

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे आणि चांगला रुळलाही आहे. पण मूळ शब्दाशी ताडून पाहिला तर त्यात एक गंमत दिसते. १६८८ साली बाझलच्या विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. 'घरी परतणे' आणि 'वेदना' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. मराठीत आणताना आपण त्यातली वेदना काढली आणि तिच्या जागी रंजन बसवले.

व्हिडिओ गेमच्या आठवणींचे जे लेखन अलीकडे वाचनात येते, ते वाचताना हा शब्दबदल मला सारखा आठवतो. करमणुकीच्या वस्तूची आठवण, तीही करमणुकीसाठीच काढलेली. अशा लेखनात वेदनेला जागा कुठून असणार? माझे म्हणणे असे आहे की ती तिथे आहे, आणि चांगली ठसठशीत आहे. ती खेळाच्या नियमांतच भरलेली आहे. सांगणारा ती सांगत नाही, कारण बहुतेक वेळा ती त्याच्या वाट्याला आलेली नसते.

या आठवणींचा साचा आता पक्का झाला आहे. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेरच्या खोलीतला टीव्ही, खिडकीला ओढलेला पडदा, कॅसेटमध्ये मारलेली फुंकर, कॉन्ट्राचा मंत्र, स्वयंपाकघरातून आलेली आईची हाक. मामाच्या गावावरच्या ललित लेखात आमराई, विहीर आणि आजी जशी ठरलेल्या क्रमाने येतात, तसेच हे. साचा असणे हा काही गुन्हा नव्हे. हजारो घरांत एकच यंत्र आणि तेच पाच-सहा गेम असतील तर आठवणी सारख्याच असणार. पण साचा दिसला की त्यात काय मावत नाही हे विचारणे समीक्षेचे काम आहे, आणि ते अजून कुणी हौसेने केलेले दिसत नाही.

आधी यंत्राकडे पाहू. निन्तेंदो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये ते जपानच्या बाजारात आणले तेव्हा त्याचे नाव होते 'फॅमिली कॉम्प्युटर'. आपल्याकडे बहुतेक घरांत पोचल्या त्या त्याच्या नकला. खोक्यावर कुठे समुराई, कुठे मीडिया, कुठे धड कुणाचेच नाव नाही. सोबतच्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले असे; आत खरे गेम मोजकेच, बाकी तेच गेम वेगवेगळ्या पातळीपासून सुरू होणारे. आकड्यांची ही उधळण पाहून आमच्या पिढीला लॉटरीच्या तिकिटांची आठवण होई.

अनेक घरांत हे यंत्र टीव्हीला जोडायचे तर अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावावी लागे. म्हणजे गेम सुरू झाला की दूरदर्शन बंद. बातम्या बंद, आजोबांची कीर्तने बंद, आईची मालिका बंद. घरात टीव्ही एकच. तेव्हा हा खेळ खेळायला परवानगी लागे, आणि परवानगी ज्याच्या शब्दाला किंमत आहे त्यालाच मिळे. 'फॅमिली' हे नाव जपानी कंपनीने विक्रीसाठी दिलेले असले तरी आपल्या दोन खोल्यांच्या घरांत ते फार वेगळ्या अर्थाने खरे ठरले.

फुंकरीचे थोडे बोलायला हवे, कारण तिच्यावाचून एकही आठवण पुरी होत नाही. कॅसेट लागली नाही की ती काढायची, तोंडाशी धरून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. प्रत्यक्षात काम होई ते बहुधा काढून पुन्हा बसवण्याने. तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटच्या पट्ट्या गंजतात म्हणून फुंकू नका, असे खुद्द निन्तेंदोने पुढे सांगितले. तरी कराडपासून कराचीपर्यंत आणि ओसाकापासून ओहायोपर्यंत सगळ्या पोरांनी हाच उपाय शोधला. जखमेवर फुंकर घालणाऱ्या भाषेत वाढलेल्या आपल्या मुलांना तर तो कुणी शिकवायचीही गरज नव्हती.

आता नियमांकडे येतो. कादंबरी वाचताना आपण निवेदक कोण, त्याला काय दिसते, काय दिसत नाही, असे प्रश्न विचारतो. गेमलाही ते विचारता येतात. मूळ फॅमिली कॉम्प्युटरला दोन रिमोट होते. कुणी त्यांना जॉयस्टिक म्हणे. आमच्या आळीत 'रिमोट' चाले, मी तोच शब्द ठेवतो. ते दोन्ही यंत्राला कायमचे जोडलेले आणि एकसारखे नव्हते. सुरू करण्याचे आणि थांबवण्याचे बटण फक्त पहिल्या रिमोटवर. दुसऱ्यावर ते नाहीच. त्याऐवजी एक छोटा माइक, ज्याचा उपयोग फार थोड्या गेमांत होता. म्हणजे खेळ कधी सुरू करायचा, कोणता निवडायचा, पाणी प्यायला कधी उठायचे, हे सगळे पहिल्याच्या हातात. दुसऱ्याला फक्त ओरडायची सोय.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ चा. दोघांनी खेळायची सोय त्यात आहे, पण एकाच वेळी नाही. पहिला मारिओ खेळतो, तो मेला की दुसऱ्याचा लुइजी येतो. दोघांचे रूप सारखेच, रंग तेवढा वेगळा. कागदावर ही पाळी अगदी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात चांगला खेळणारा मरतच नाही. थोरला भाऊ एका जिवावर पाच-सात पातळ्या ओलांडून जातो आणि धाकटा मांडीवर रिमोट घेऊन पाहत बसतो. त्याची पाळी येते तेव्हा तो पहिल्याच पातळीवर, पहिल्याच तपकिरी बुटक्याला धडकून मरतो, कारण खेळायला मिळालेलेच नसते. खेळायला मिळत नाही म्हणून येत नाही, आणि येत नाही म्हणून मिळत नाही. आपल्या समाजात हे चक्र इतर अनेक ठिकाणी फिरताना मी पाहिले आहे. गेममध्ये ते इतके उघडे दिसते की हसू येते.

नामकोचा 'बॅटल सिटी' हाही १९८५ चाच, आपण त्याला नुसते 'टँक' म्हणत असू. इथे दोघे एकाच वेळी खेळतात, विटांच्या आडोशाला असलेला आपला गरुड वाचवतात. पण एकाची गोळी दुसऱ्याला लागली तर तो काही क्षण जागीच थिजतो, आणि आपल्याच गोळीने आपलाच गरुडही फुटू शकतो. या गेमच्या जेवढ्या आठवणी मी ऐकल्या त्या सगळ्या भांडणाच्या आहेत आणि सगळ्या आनंदाने सांगितलेल्या आहेत. दोघांच्या हातात सारखीच ताकद होती, हे त्याचे कारण असावे. इथे रुसवा मावतो, पण सल राहत नाही.

कोनामीचा 'कॉन्ट्रा' १९८७ साली आधी पार्लरच्या यंत्रावर आला, पुढच्या वर्षी घरच्या यंत्रावर. त्याची आठवण हमखास मैत्रीची म्हणून सांगितली जाते : दोन सैनिक, खांद्याला खांदा. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे हा तीस लाईफचा मंत्र त्यात आलाच पाहिजे. या मंत्राचे मूळ गमतीचे आहे. कोनामीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तो तपासून पाहताना त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. कारागिराची सोय होती, पोरांनी तिचा मंत्र केला.

पण त्याच कॉन्ट्राच्या तिसऱ्या पातळीवर धबधबा आहे. तिथे वर वर उड्या मारत जायचे. पुढचा खेळाडू वर गेला की पडदाही त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या तळाशी गाठला जाऊन मरतो. त्याला कुणी गोळी घातलेली नसते. सोबती घाईत होता, एवढेच. खांद्याला खांदा लावल्याच्या आठवणी सांगणाऱ्यांना मी हटकून धबधब्याबद्दल विचारतो. पहिला रिमोट ज्याच्याकडे होता त्याला ती पातळी 'सोपी' म्हणून आठवते. दुसरा रिमोट ज्याच्याकडे होता तो आधी हसतो आणि मग म्हणतो, "तो थांबायचाच नाही."

घराबाहेरच्या पार्लरची गोष्ट वेगळी. तिथे रिमोट कुणाच्या मालकीचा नव्हता; खिशात नाणे असेल तो खेळणार. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन चित्रकथेवर बेतलेला गेम. त्याचे खरे नाव आपल्याकडे कुणी उच्चारले नाही. त्यातल्या चार पात्रांपैकी पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावरून साऱ्या देशात तो 'मुस्तफा' झाला. अमेरिकन पेहरावातल्या जॅकला बाजूला सारून पोरांनी आपल्याला ओळखीच्या वाटणाऱ्या नावाला नायक केले. एवढी चोख वाचकप्रतिक्रिया आपल्या साहित्यात क्वचित सापडेल. शिवाय तीन जणांना एकत्र खेळता येई, आणि मागे उभ्या असलेल्या सात-आठ जणांना फुकट सल्ला देता येई. मात्र पार्लरच्या एकाही आठवणीत मला मुलगी भेटलेली नाही. ती तिथे नव्हतीच. तिचा व्हिडिओ गेमशी संबंध आला तो घरच्या यंत्रावर, म्हणजे दुसऱ्या रिमोटवर.

या साच्यात एक विनोद नेहमी येतो. धाकट्याने फार हट्ट केला की त्याच्या हातात दुसरा रिमोट द्यायचा आणि गेम मात्र एकट्याचा लावायचा. तो बटणे दाबत राहतो, आपणच मारिओ पळवतोय असे समजून खूश होतो. काही नकली यंत्रांत रिमोटची पिन काढता येई, तिथे तर काम आणखी सोपे. हा किस्सा मी कितीदा वाचला असेल! सांगणारा प्रत्येक वेळी थोरला असतो. त्याच्या दृष्टीने ही भावंडांमधली गोड गंमत. धाकट्याला ती कधी कळली, कळली तेव्हा काय वाटले, त्यानंतर तो पुन्हा शेजारी येऊन बसला का, याबद्दल त्या किश्श्यात अवाक्षर नसते. कथनशास्त्राची पुस्तके न वाचताही समजावे इतके हे साधे आहे : पहिल्या रिमोटवाल्याला पडद्यावरचे सगळे दिसते, शेजारचे दिसत नाही.

माझी एक मावसबहीण आहे. आमच्या घरी हे यंत्र आले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला त्यात रस नव्हता. खेळत ते धाकटे भाऊ. सुट्टीत ती महिनाभर आमच्याकडे असे. गेल्या वर्षी या लेखासाठी मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला मारिओ खेळता येत नाही दादा, पण सांगता येतो." मग तिने सांगितला. पहिल्या जगाच्या दुसऱ्या पातळीवर छतावरून धावत शेवटपर्यंत गेले की पुढच्या जगांत नेणारे पाइप कसे लागतात. चौथ्या, सातव्या आणि आठव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यांत वाट चुकली की तोच रस्ता पुन्हा पुन्हा कसा येतो. हे चकवे सुटावेत म्हणून तिने तेव्हा शाळेच्या वहीत मागच्या पानांवर पेन्सिलने लिहून ठेवले होते : वरून, खालून, मधून. भाऊ खेळत आणि ती वही बघून पुढचे सांगे. सगळ्या बत्तीस पातळ्या पार झाल्या तो दिवस माझ्या भावांना लख्ख आठवतो. त्यांच्या सांगण्यात वही नाही. मी मुद्दाम विचारले तेव्हा थोरल्याला आठवली. धाकट्याला आजही आठवत नाही.

इथे कुणी म्हणेल, ही काय तक्रार झाली, पोरांचा खेळ तो. मान्य. पण मग तो जितका पोरांचा तितकाच पोरींचाही सांगा. डेव्हिड सडनाव या समाजशास्त्रज्ञ पियानोवादकाने 'ब्रेकआउट' या गेमच्या नादी लागून १९८३ साली त्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले, 'पिल्ग्रिम इन द मायक्रोवर्ल्ड'. बोटांना काय कळते याचे इतके बारीक वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. तरी ते पुस्तक शेवटी एका माणसाचे आणि एका पडद्याचे राहते. आपल्याकडची गोष्ट बोटांची कमी आणि खोलीतल्या माणसांची जास्त आहे, आणि ती लिहायची तर पडद्याकडे पाठ करून बसायला हवे.

गॅब्रिएल झेविन यांच्या २०२२ सालच्या कादंबरीने हे थोडेफार केले आहे. 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' हे तिचे नाव. अपघातात पाय गमावायची वेळ आलेला, कुणाशी न बोलणारा सॅम इस्पितळातल्या खेळाच्या खोलीत मारिओ खेळतो आहे आणि सेडी त्याच्या शेजारी येऊन बसते. मैत्री जमते. पण सेडी त्याच्यासोबत घालवलेल्या तासांची नोंद समाजसेवेचे तास म्हणून करत असते, आणि ते सॅमला कळते तेव्हा सगळे मोडते. कादंबरी पुढे लांबते, काही ठिकाणी उगाच हुशार होते असे माझे मत आहे. तरी शेजारी बसलेल्याच्या मनात वेगळाच हिशेब चालू असू शकतो, हे तिने सुरुवातीलाच ओळखले. सेडीची नोंद आणि माझ्या बहिणीची वही यांत फरक मोठा आहे, पण दोन्ही पडद्याबाहेर लिहिलेल्या आहेत.

या साऱ्या लेखनात सर्वांत जास्त लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणारा मजकूर मात्र जेमतेम परिच्छेदभराचा आहे, आणि लिहिणाऱ्याचे खरे नाव त्यावर नाही. २०१४ साली एका मुलाने तो लिहिला. वडिलांनी घरात एक्सबॉक्स आणला, दोघे मिळून खेळत. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले. पुढची दहा वर्षे त्याने यंत्राला हात लावला नाही. मग एके दिवशी मोटारशर्यतीचा 'रॅलीस्पोर्ट चॅलेंज' लावला तेव्हा त्याला पडद्यावर एक धूसर गाडी पळताना दिसली. सर्वांत कमी वेळात शर्यत पुरी करणाऱ्याची धाव हे यंत्र साठवून ठेवते आणि पुढच्या खेळाडूसमोर भुतासारखी पळवते. ती वडिलांची धाव होती. मुलगा खेळत राहिला, जवळ पोचला, एके दिवशी पुढे निघाला, आणि अंतिम रेषेआधी थांबला. जिंकला असता तर वडिलांची धाव पुसली जाऊन तिथे त्याची आली असती.

या मजकुरावर २०१६ साली एक लघुपटही निघाला. त्याचे नाव 'प्लेअर टू', आणि ते अगदी नेमके आहे. चार-पाच वर्षांचा तो मुलगा वडिलांशेजारी दुसरा रिमोट घेऊनच बसत असणार. जगाला सर्वांत आवडलेली ही व्हिडिओ गेमची आठवण दुसऱ्या खेळाडूने सांगितलेली आहे. पहिल्याच्या पुढे जाण्याची संधी आयुष्यात प्रथमच मिळाली आणि त्याने ती घेतली नाही, एवढीच तिच्यातली घटना. स्मरणरंजन या शब्दात ती मावत नाही. होफरच्या मूळ शब्दात मावते.

आपल्या यंत्रांत असे भूत राहू शकत नव्हते. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटांत काही साठवण्याची सोय नव्हती. स्विच बंद केला की दिवसभराची कमाई शून्य. उद्या पुन्हा पहिल्या जगाची पहिली पातळी. त्यामुळे या खेळांचे जे काही उरले आहे ते माणसांच्या बोलण्यात उरले आहे, आणि म्हणूनच कोण बोलते याला महत्त्व आहे.

हा प्रश्न मराठीला नवा नाही. उलट आपण त्यात पुढारलेले आहोत. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकातली, सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० चे. तिन्ही पुस्तके मोठ्या माणसाच्या शेजारी बसलेल्या बाईने लिहिली. ती वाचल्यावर न्यायमूर्ती, रेव्हरंड आणि पु. ल. हे तिघेही आपल्याला अधिक माणसासारखे दिसले, कुणी लहान झाले नाही. तुलना जरा ओढून ताणून केल्यासारखी वाटेल, पण या दर्जाचे वाचन पचवलेल्या भाषेत व्हिडिओ गेमची आठवण अजून 'आम्ही कसली धमाल करायचो' याच्या पुढे सरकू नये, याची मला खंत वाटते.

बहिणींना विचारता येईल, त्या चाळिशी-पन्नाशीत आहेत. आयांची मात्र घाई करायला हवी. साच्यात आई येते ती फक्त ओरडायला, आणि तिचे एक वाक्य प्रत्येक घरात सारखे असते : "बंद करा ते, पिक्चर ट्यूब जाईल." लेखात ते आईच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून येते आणि वाचक हसतो. वस्तुतः त्या काळच्या टीव्हीच्या काचेवर आतून जो लेप असे, त्यावर एकच चित्र फार वेळ स्थिर राहिले तर त्याची कायमची छाया उमटत असे. गेमच्या पडद्यावर गुणांची पट्टी तासन्‌तास एकाच जागी असते. आईला हे शास्त्र माहीत नसेल, पण टीव्ही हप्त्यांवर घेतलेला आहे आणि किती हप्ते राहिलेत हे तिला माहीत होते. दुपारी चार वाजता, अॅडॉप्टर हाताला चटका बसेल इतका तापलेला असताना, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची तेव्हा तिला त्या खोलीत काय दिसत होते, ते मी अजून कुठे वाचलेले नाही.